सगळ्या टेस्ट झोपून झाल्या, त्रास मात्र उभं राहिल्यावर

आधी लक्षणं सांगून टाकते, म्हणजे पुढचा गोंधळ कळायला सोपा जाईल. छातीत धडधड, डोकं हलकं होणं, डोळ्यांसमोर कडेकडेनं काळं येणं, हातपाय गार पडणं, मळमळ, बोलता बोलता साधा शब्द न आठवणं आणि सगळ्यात जास्त म्हणजे थकवा. थकवा म्हटलं की समोरचा लगेच "अगं मला पण येतो गं" म्हणतो म्हणून जरा उलगडून सांगते, अंघोळ करून बाहेर आलं की ओल्या केसांनी तसंच आडवं पडावं लागायचं, केस पुसायला हात वर धरवायचे नाहीत. आणि हे सगळं सुरू झालं एका साध्या व्हायरल तापानंतर. ताप गेला, बाकीचं राहिलं.

सुरुवातीला सगळे म्हणत होते अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू, आणि मलाही ते पटत होतं कारण तापानंतर अशक्तपणा असतोच. पण काही महिने झाले तरी जाईना, उलट वाढतच चाललं, तेव्हा मग डॉक्टर सुरू झाले. जवळजवळ अडीच वर्षं चाललं ते.

अशी पसरलेली लक्षणं घेऊन गेलं की प्रत्येक जण आपापला तुकडा उचलतो. धडधड सांगितली की हृदयवाले, चक्कर म्हटलं की कानवाले किंवा मेंदूवाले, मळमळ म्हटलं की पोटवाले. त्यांना नावं ठेवायची नाहीयेत मला, ओपीडीत एका पेशंटला किती मिनिटं मिळतात ते आपण सगळेच बघतो, पण खुर्चीत बसल्या बसल्या आपण जे पहिलं वाक्य बोलतो ना त्यावर पुढचं सगळं ठरतं हे मी शिकले. एकदा "चक्कर येते" एवढंच म्हणाले तर थेट कानाच्या डॉक्टरांकडे रवानगी. त्यांनी टेबलावर बसवलं, मान एका बाजूला वळवली आणि पटकन मागे झोपवून माझे डोळे बघत राहिले, मग दुसऱ्या बाजूनं तेच. डोळे थरथरले असते तर आतल्या कानाचा दोष निघाला असता. काही नाही निघालं. पण त्या डॉक्टरांनी जाता जाता एक फार कामाचा प्रश्न विचारला, "घर गरगर फिरतं का, की डोकं हलकं होऊन आता पडेन असं वाटतं?" मी म्हटलं दुसरं. तर म्हणाले मग हे कानाचं नाही, रक्ताभिसरणाकडे बघा. तोपर्यंत मी दोन्हीला चक्करच म्हणत होते आणि मला कोणी कधी फोड करून विचारलंही नव्हतं.

मग ईसीजी, टुडी इको, चोवीस तासांचा होल्टर म्हणजे दिवसभर अंगावर बांधून ठेवायचं ईसीजीचं यंत्र, डोक्याचा एमआरआय, रक्ताच्या ढीगभर तपासण्या. सगळं नॉर्मल. एमआरआयचा रिपोर्ट आला तेव्हा घरात सगळे खूश, आई तर फोनवर रडायलाच लागली आनंदानं, आणि माझ्या पोटात गोळा आला. हे बाहेरून बघणाऱ्याला विचित्र वाटतं मला माहितीये. कुणाला डोक्यात गाठ नको असते, मलाही नको होती. पण प्रत्येक नॉर्मल रिपोर्टबरोबर आपलं म्हणणं थोडं थोडं खोटं ठरत जातं, फाइल जाड होते आणि पुढचा डॉक्टर ती चाळून म्हणतो, अहो सगळं तर झालंय तुमचं.

रक्ताच्या रिपोर्टांनी मधे मधे वेगळेच खेळ केले. लॅबची जी नॉर्मल रेंज असते ती साधारण अशी ठरवतात की निरोगी लोकांपैकी ९५ टक्के त्यात बसावेत. म्हणजे धडधाकट माणसाचा सुद्धा सरासरी वीसातला एखादा आकडा बाहेर जातो. वीस वेगवेगळ्या तपासण्या एकदम केल्या तर निदान एक तरी आकडा उगाचच बाहेर जायची शक्यता ६४ टक्के येते, हिशोब करून बघा. माझं एएनए, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटलीये का ते बघायची तपासणी, १:८० पॉझिटिव्ह आलं आणि आमच्या घरात दोन आठवडे ल्युपस ल्युपस, म्हणजे तसाच एक आजार, चाललं होतं, सगळे नेटवर वाचत होते. संधिवाताच्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट बघून शांतपणे सांगितलं की एवढं प्रमाण निरोगी माणसांतही साधारण आठातल्या एकाला सापडतं, सोबत सांधे, त्वचा, किडनी यातलं काही नसेल तर नुसत्या या आकड्यावर काही ठरत नाही. त्यांनी माझा अंगठा मनगटाकडे वाकवून बघितला, करंगळी मागे वळवून बघितली, खाली वाकून तळवे जमिनीला टेकायला लावले, सांध्यांच्या लवचिकपणाचा नऊ मार्कांचा स्कोर असतो त्यात मला तीन. मोठ्या माणसाला पाच लागतात म्हणे. म्हणजे तिथेही मी नापास.

थायरॉइडची गंमत वेगळीच. टीएसएच एकदम कमी आला, टी-फोर जास्त, म्हणजे थायरॉइड वाढल्याची खूण. मला वाटलं चला, सापडलं! धडधड, थकवा, हात थरथरणं, सगळं जुळत होतं की. तर लॅबमधल्या डॉक्टरांचा फोन आला, केसांसाठी किंवा नखांसाठी काही गोळ्या घेता का? घेत होते, कारण आजारपणात केस गळत होते म्हणून त्याही एका डॉक्टरांनीच दिल्या होत्या. त्यात बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं, आणि थायरॉइड मोजायच्या काही पद्धतींत बायोटिननं आकडे खोटे येतात, अगदी थायरॉइड वाढल्यासारखे. गोळ्या बंद करून काही दिवसांनी परत रक्त दिलं तर सगळं जागच्या जागी. त्या फोन करणाऱ्या डॉक्टरांना मी अजून पाहिलेलं नाही पण त्यांच्यामुळे थायरॉइडची नको ती औषधं माझ्या मागे लागायची टळली.

एक गोष्ट मात्र या ढिगात खरी सापडली होती, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, खूप कमी. हिमोग्लोबिन ठीक होतं म्हणून आधी कुणी बघितलंच नव्हतं, आणि साठा संपत आला तरी हिमोग्लोबिन बराच काळ तग धरून राहतं. लोहाच्या गोळ्या घेतल्या, साठा भरला, केस गळायचे थांबले. धडधड आहे तिथेच.

तर मग उरलं काय? टेन्शन. हे मला अनेकांनी अनेक तऱ्हांनी सांगितलं. काहींनी प्रेमानं, काहींनी पेन बंद करत. एका ठिकाणी तर माझ्याकडे न बघता शेजारी बसलेल्या नवऱ्याला विचारलं, "घरी काही टेन्शन वगैरे?" तोही बिचारा गोंधळला. नातेवाईकांत तर विचारू नका, वहिनी म्हणाली तू फार विचार करतेस, काकू म्हणाल्या कामात गुंतव स्वतःला. आणि खरं सांगायचं तर मला त्या दिवसांत टेन्शन होतंच की! उभं राहिलं की पडायची भीती वाटणाऱ्या माणसाला टेन्शन येणार नाही तर काय येणार. पोटाचा अल्सर सुद्धा कित्येक वर्षं काळजीनं होतो असंच धरून चालायचे, मग १९८२ मध्ये वॉरन आणि मार्शल या दोघांनी तो जंतू शोधला, हेलिकोबॅक्टर, आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याआधीच्या पेशंटांना घरी काय काय ऐकावं लागलं असेल असं मला कधी कधी वाटतं.

शेवटी मी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. इतके जण म्हणतायत तर जाऊन बघू, असेल तर असेल, त्यात लाजण्यासारखं काय आहे. आणि माझी गाडी तिथूनच रुळावर आली, हे मी मुद्दाम सांगते कारण "मला वेडी ठरवतायत" म्हणून कितीतरी जण तिकडे फिरकतच नाहीत. त्यांनी आधी एक फॉर्म भरून घेतला. त्यात धडधड होते का, हात थरथरतात का, घाम येतो का, भोवळ आल्यासारखं वाटतं का... सगळ्याला हो. स्कोर दणदणीत. मॅडमनी तो फॉर्म बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, यातले अर्धे प्रश्न शरीराचे आहेत, त्यावरून मन कळत नाही. मग विचारलं, धडधड होते तेव्हा तुम्ही काय करत असता? मी आठवून आठवून सांगितलं, ओट्याशी उभी असते, रांगेत असते, अंघोळीला, ऑफिसात कुणाच्या टेबलाशी उभं राहून बोलताना. त्या म्हणाल्या, आणि थांबते कधी? मी म्हटलं बसले की कमी होते, आडवी पडले की जाते. किती वेळात? दोन-तीन मिनिटांत. त्यावर त्या म्हणाल्या, "काळजी माणूस आडवा झाला म्हणून दोन मिनिटांत जात नाही हो. उलट आडवं पडल्यावर वाढते. तुमची पल्स कुणी उभं राहून मोजलीये का?"

कुणीच नव्हती मोजली. मी घरी जाताना पूर्ण रस्ताभर हाच विचार करत होते. ईसीजी झोपून. इको डाव्या कुशीवर झोपून. एमआरआय झोपून. रक्त खुर्चीत बसून, आणि मी चक्करवाली म्हणून ते पण बऱ्याचदा झोपूनच. बीपी टेबलापाशी बसून. अहो नळ बंद करून पाईप गळतोय का बघितल्यासारखं झालं हे. एकट्या होल्टरमध्ये दिवसभराचं सगळं आलं होतं, त्या रिपोर्टात लिहिलंही होतं की दिवसा अधूनमधून सायनस टॅकिकार्डिया, पण खाली निष्कर्ष काय तर ठोक्यांची लय बरोबर, काही दोष नाही. म्हणजे ठोके जलद पडत होते हे यंत्रानं सांगितलं होतं, फक्त त्या वेळी मी उभी होते हे त्याला माहीत नव्हतं. सोबत डायरी देतात त्यात मी "धडधड" लिहिलं होतं आणि वेळ लिहिली होती. बसलेय का उभी असा रकानाच नव्हता त्यात.

त्या मॅडमनी घरी करून बघायला एक साधी पद्धत सांगितली, अंतराळवीरांच्या तपासणीवरून आलेली आहे म्हणून ती नासाच्या नावानं ओळखली जाते. आधी काही मिनिटं शांत पडून राहायचं, पल्स आणि बीपी लिहायचं. मग उठून भिंतीला फक्त खांद्यांचा मागचा भाग टेकवून उभं राहायचं, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, आणि दहा मिनिटं अजिबात हलायचं नाही, दर मिनिटाला आकडे लिहायचे. शेजारी कुणीतरी उभं असलंच पाहिजे, कारण माणूस खरंच पडू शकतो, एकट्यानं कुणी हा उद्योग करू नका. नवऱ्यानं मोबाईलवर टाइमर लावला आणि वही घेऊन बसला. पडून ७४. उभी राहिल्यावर दुसऱ्या मिनिटाला १०६, पाचव्याला ११५, नवव्याला १२२. बीपी होतं तिथेच. त्यानं वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाला "तू नुसती उभी आहेस ना गं?" आधी तो कधी तोंडावर काही बोलला नव्हता पण त्याला मनातून काय वाटायचं ते मला कळायचंच. त्या दिवसापासून ते गेलं.

ते आकडे घेऊन फिजिशियन शोधणं हेही एक कामच. एकांनी कागद न बघताच "मोबाईलवर वाचून येता तुम्ही लोक" म्हणून परत दिला. दुसऱ्यांनी बघितला, दोन मिनिटं गप्प बसले आणि मला तिथेच उभं करून स्वतः मोजलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. आपण उभे राहिलो की अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांत दाब ओळखणारे सेन्सर असतात, ते लगेच खबर देतात, खालच्या रक्तवाहिन्या आवळतात, ठोके थोडे वाढतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. काहींच्यात हे आवळणं नीट होत नाही किंवा मुळात रक्ताचं प्रमाणच कमी असतं, मग हृदय एकटंच धावत सुटतं. मोठ्या माणसाचे ठोके उभं राहिल्यापासून दहा मिनिटांत ३० किंवा जास्त वाढले आणि तसेच राहिले, किशोरवयात ४०, बीपी फारसं पडलं नाही, आणि त्रास तीन महिन्यांहून जुना असेल, दुसरं कारण सापडत नसेल, तर त्याला पॉट्स म्हणतात. पॉश्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम. बायकांमध्ये बराच जास्त, आणि बऱ्याच जणींना एखाद्या व्हायरल आजारानंतरच सुरू होतो.

हे नाव १९९३ चं आहे. पण असे पेशंट काही १९९३ ला जन्मले नाहीत, अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांची अशीच धडधड, धाप आणि थकवा दा कोस्टा नावाच्या डॉक्टरनं १८७१ मध्ये लिहून ठेवलाय, त्यातल्या काहींना हेच असावं असं आता मानतात. तेव्हा ते सैनिक होते म्हणून निदान त्यांच्यावर पेपर तरी लिहिला गेला, घरातली बाई असती तर काय झालं असतं ते सांगायला नको.

नाव लगेच मिळालं नाही पण. "दुसरं कारण सापडत नसेल" हे आधी सिद्ध करायचं असतं. सकाळी आठला रक्तातलं कॉर्टिसोल, ते बनवणाऱ्या किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथी नीट आहेत ना बघायला. चोवीस तासांची लघवी, त्याच ग्रंथीत ॲड्रेनलिन सोडणारी गाठ तर नाही ना बघायला. हा लघवीचा कॅन म्हणजे एक प्रकरणच आहे, सकाळची पहिली टाकून द्यायची आणि तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिलीपर्यंत एकूण एक थेंब त्यात, आणि त्याच दिवशी नेमके घरी पाहुणे. असो.

मग टिल्ट टेबल टेस्ट. याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण मला आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं आणि मी घाबरून गेले होते. उपाशीपोटी बोलावतात. अंधारलेली खोली, अरुंद टेबल, पायाशी उभं राहायला एक फळी. छातीला ईसीजीचे लीड, दंडाला पट्टा, बोटाला क्लिप, आणि पडू नये म्हणून छातीवर आणि गुडघ्यांवर रुंद पट्टे बांधतात. बांधल्यावर बराच वेळ नुसतं पडून राहायचं, पल्स स्थिर होईपर्यंत. मग टेबल सावकाश उभं होतं, पूर्ण सरळ नाही, साधारण ७० अंशांवर थांबतं. आणि टेक्निशियन सांगतात, पाय हलवू नका, आवळू नका, बोटंसुद्धा नाही. कारण पोटऱ्या आवळल्या की रक्त वर ढकललं जातं आणि मग खरं चित्र दिसत नाही. मला तिथे बांधलेली असताना कळलं की मी रांगेत नेहमी पायावर पाय घालून, एका पायावर भार देत, झुलत का उभी राहते. शरीरानं आपला जुगाड आपणच शोधून ठेवला होता.

पहिली दोन मिनिटं बरी गेली. मग ओळखीची लाट आली, आधी मानेत ठोके, मग कानात, तळहात ओले, मळमळ. टेक्निशियन शांतपणे विचारत होते, "काय वाटतंय ते बोलत राहा," आणि मी बोलायला गेले तर शब्दच सापडेना, "ते... ते हे होतंय" असं काहीतरी. खाली बघितलं तर पाय जांभळे लाल झालेले. सातव्या की आठव्या मिनिटाला १२८, बीपी ११० वर ७६, म्हणजे जसंच्या तसं. बेशुद्ध पडले नाही मी, पडायलाच पाहिजे असं काही नसतं. टेबल आडवं केलं आणि एका मिनिटात ठोके ऐंशीच्या घरात. टेक्निशियन स्क्रीनकडे बघून म्हणाले, "मॅडम, हे तर अगदी पुस्तकातल्यासारखं आलंय." दोन वर्षांत माझ्या कुठल्याही रिपोर्टाचं एवढं कौतुक झालं नव्हतं.

उपचारांचं थोडक्यात सांगते. यासाठीच असं मंजूर झालेलं औषध अजून नाही, दुसऱ्या आजारांची औषधं वापरतात. मला ठोके कमी करणाऱ्या प्रोप्रॅनोलॉलचा अगदी छोटा डोस आहे, कुणाला त्याच कामासाठी इव्हाब्रॅडिन देतात, कुणाला रक्तवाहिन्या आवळणारी किंवा मीठ धरून ठेवणारी औषधं. दिवसाला दोन ते तीन लिटर पाणी. आणि मीठ! बाकी जगाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवा म्हणून डब्ल्यूएचओ सांगते आणि मला डॉक्टरांनी दहा ग्रॅमपर्यंत वाढवायला सांगितलं. सासूबाईंना बीपी, त्यांच्या ताटात कमी आणि माझ्या ताटात वरून, त्यांना ते बघवत नाही अजून, "अगं पुरे" म्हणतातच. हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात करायचं नाही, बीपी किंवा किडनीचा त्रास असणाऱ्याला हेच मीठ महागात पडेल. घट्ट स्टॉकिंग्ज आहेत, कमरेपर्यंतचे, नुसत्या पोटरीपर्यंतच्यांचा फारसा उपयोग होत नाही कारण बरंचसं रक्त पोटात साठतं. ते चढवायला इतकी झटापट होते की चढवेपर्यंत पल्स शंभरावर. आता पोटाचा पट्टा वापरते, त्यानं जवळपास तेवढंच काम होतं. अंघोळीला स्टूल. गरम पाणी बंद, कोमट. स्टूल आणल्यावर मला चार दिवस म्हातारी झाल्यासारखं वाटलं, मग केस धुऊन झाल्यावर उभं राहता आलं तेव्हा ते वाटणं गेलं.

यानं धडधड आणि डोळ्यांसमोरची काळोखी बरीच कमी झाली. ऑफिसात उभं राहून बोलायची वेळ आली की खुर्ची ओढून घेते, आधी संकोच वाटायचा.

आता राहिलेला अर्धा भाग, जो अजून सुटलेला नाही. माझा थकवा यात पूर्ण बसत नाही. एखाद्या दिवशी बरं वाटतं म्हणून जरा जास्त काम केलं, म्हणजे कपाट आवरलं, पाहुण्यांशी दोन तास बोलले, तर त्या दिवशी काही होत नाही. दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी, सगळं अंग शिशाचं, घसा दुखतो, प्रकाश सहन होत नाही, आणि हे दोन-चार दिवस चालतं. पल्स तेव्हा चांगली असते! म्हणून तर ते वेगळं वाटतं. श्रमानंतर उशिरानं येणारी ही आपटी हे एमई/सीएफएसचं, म्हणजे क्रॉनिक फटीग सिंड्रोम या दीर्घकाळच्या थकव्याच्या आजाराचं, मुख्य लक्षण आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं त्याचे जे निकष दिले त्यात ही आपटी आहे, सहा महिन्यांहून जास्त काळ कामकाज घटवणारा थकवा आहे, झोपून उठल्यावरही ताजं न वाटणं आहे, आणि यांच्या जोडीला विचारशक्ती मंदावणं किंवा उभं राहिल्यावर त्रास होणं यातलं एक. म्हणजे माझं पॉट्स त्याच्याही यादीत आहे. रक्ताची कुठली तपासणी नाही की जी हो किंवा नाही सांगेल.

आणि पंचाईत अशी की दोन्हीकडचे सल्ले एकमेकांच्या विरुद्ध जातात. पॉट्ससाठी व्यायाम महत्त्वाचा, झोपून किंवा बसून करायचा, रोइंग, पोहणं, टेकून चालवायची सायकल, आणि हळूहळू वाढवत न्यायचा. एमई/सीएफएसमध्ये ठरलेल्या टप्प्यांनी वाढवत नेलेला व्यायाम इंग्लंडच्या नाइस या उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकला, कारण कित्येकांची तब्येत त्यानं आणखी बिघडते. फिजिओ म्हणतात वाढवा, माझं अंग म्हणतं थांब. फिजिशियनना विचारलं तर म्हणाले, "तुमच्या बाबतीत कुठलं किती आहे ते मला आज सांगता येत नाही. आपण अंदाजानं जाऊ आणि लिहून ठेवू." मला हे उत्तर फार आवडलं. खोटी खात्री दिली नाही त्यांनी, आणि मला हाकललंही नाही.

सध्या मी पाठीवर झोपून पायांचे पाच मिनिटांचे व्यायाम करते, वाढवायचा निर्णय दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी घेते, आपटी आली नाही तरच. खूप सावकाश चाललंय. मागच्या थंडीपेक्षा बरं आहे, त्याच्या आधीपेक्षा तर कितीतरी बरं.

नव्या डॉक्टरांकडे जाताना आता ती जाड फाइल पिशवीतच ठेवते, टेबलावर एकच कागद. वरती कधी सुरू झालं आणि कशानंतर, मग उभं-बसलेलं-आडवं या तिन्ही वेळचे आकडे, काय केल्यानं वाढतं, काय केल्यानं थांबतं, कुठली औषधं घेऊन झाली, आणि या आजारानं माझं नेमकं कुठलं काम बंद पडलं. "खूप थकवा येतो" असं लिहीत नाही, "केस धुतल्यावर अर्धा तास पडून राहावं लागतं" असं लिहिते. आजवर एकानंही तो कागद न वाचता बाजूला ठेवलेला नाही. आणि एखाद्या डॉक्टरांनी टेन्शनचं कारण सांगितलंच तर मी वाद घालत नाही, एवढंच विचारते की मग तपासायचं आणखी काय काय राहिलंय आणि ते कुठल्या स्थितीत तपासणार.

पुढच्या महिन्यात ऑटोनॉमिक, म्हणजे ठोके, बीपी, घाम आपोआप सांभाळणाऱ्या नसांच्या बाकीच्या तपासण्या आहेत, घामाची एक आणि श्वास रोखून करायची एक. त्यासाठी प्रोप्रॅनोलॉल आधी बंद ठेवावं लागणार आहे, ते किती दिवस आणि एकदम बंद करायचं की कमी करत आणायचं, हे अजून विचारायचंय त्यांना. नवऱ्यानं त्या आठवड्यात सुट्टी टाकलीये.